काटा दोनशेवर उतरला तेव्हा

मी एक जुना काट्याचा मीटर आहे, मित्रांनो. आज पाल्हाळ लावत नाही, कारण माझी पाठ तापू लागली आहे.

वीस वर्षे मी एका वायरमनच्या पिशवीत राहिलो. तो मला 'म्हातारा' म्हणायचा, पण माझ्या शब्दाबाहेर जायचा नाही. कानावरची पेन्सिल काढून तो भिंतीवरच गणित मांडायचा. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो, दोघांना गुणले की वॅट. त्याच्या मावशीच्या लाँड्रीतही त्याने बोर्डाशेजारी असेच लिहून ठेवले आहे: २३० व्होल्ट, साडेअकरा अँपिअर. म्हणजे तिच्या मोठ्या इस्त्रीचा रोध वीस ओहम आणि शक्ती २,६४५ वॅट. तेव्हा सगळे ठणठणीत होते.

गेल्या महिन्यात मावशीने कुरकुर केली, की इस्त्री पूर्वीसारखी तापत नाही आणि मांजर सारखे बोर्डाखालच्या भिंतीला चिकटून बसते. तो आला. मावशीचा या भाच्यावर भारी जीव. त्याला झटका बसू नये म्हणून तो उंबऱ्यावर दिसला रे दिसला, की ती इस्त्री बंद करते. त्याने माझ्या दोन्ही तारा बोर्डात खोचल्या. काटा २३० वर गेला.

"भिंतीला काही झालेलं नाही, मावशी. मांजर आळशी आहे तुझं."

तारा तशाच ठेवून तो मागे हात धुवायला गेला. एक शर्ट घाईचा होता, म्हणून मावशीने इस्त्री लावली आणि माझा काटा धाडकन २०० वर उतरला! मित्रांनो, हिशेब करा. दोनशेला वीसने भागा: धारा दहा अँपिअर. मग वाटेत हरवलेले तीस व्होल्ट गेले कुठे? तीसला दहाने भागा: तीन ओहम. तीस गुणिले दहा: तीनशे वॅट. ते तीनशे वॅट भिंतीत, बोर्डामागच्या सैल जोडात जळत होते, आणि त्यामागे लाकडी फळी आहे.

मी जिवाच्या आकांताने २०० दाखवत राहिलो. इतक्यात त्याची पावले वाजली आणि मावशीने लगबगीने बटण बंद केले. तो आला तेव्हा मी पुन्हा २३० वर शहाण्यासारखा उभा होतो. मायेने घात केला, दुसरे काय म्हणू?

पुढे त्याने आकडे दाखवणारा नवा मीटर घेतला. मला मावशीकडेच ठेवून गेला, बोर्डावरच्या फळीवर, पावत्या उडू नयेत म्हणून. नवा मीटर घेऊन तो परवा येऊन गेला. इस्त्री अर्थातच बंद होती.

काल मांजर भिंतीपासून हातभर लांब बसले. आज ते दुकानातच आलेले नाही. माझ्या पाठीचे प्लास्टिक मऊ पडले आहे आणि बोर्डाशेजारी लिहिलेले पेन्सिलीचे आकडे तपकिरी दिसू लागले आहेत.

मला वाचा नाही, तुम्हाला आहे. घरी कोणी वीज तपासायला आले तर त्यांना सांगा, की काम चालू असताना मोजा. निवांत तारेत दोष दिसत नाही. पण आधी एवढे करा. मावशी कपड्यांचा गठ्ठा घेऊन आली आहे, तिचा हात बटणाकडे चालला आहे. कोणीतरी तिला हाक मारा.