नामेलेचं पान आणि गावची निरोपपेटी

मित्रांनो, मला डबडं म्हणा, खोकं म्हणा, आता कशाचंच वाईट वाटत नाही. वानुआतूच्या एका बेटावर गावच्या बैठकघराला खांब आहे, त्यावर मी लटकते. मी गावची निरोपपेटी, बिनतारी लहरींवरून एका गावचं बोलणं दुसऱ्या गावाला पोचवणारी.

गावातल्या लेईवास नावाच्या मुलीने मला शाळेच्या ओट्यावर बसून जोडलं. तेव्हा सरकारचा नियमच होता, की गावाने स्वतःचं जाळं उभारलं तर लहरी फुकट, वर उन्हावर वीज देणारी सौरपाटीही मिळेल. किनाऱ्याच्या पाच गावांत आम्ही पाच बहिणी झालो. एकीने हाक द्यायची, दुसरीने ती पुढे न्यायची. मालक कोणी नाही. आमच्या दवाखान्यातली नर्स मेरीआन पाचव्या गावातल्या डॉक्टरांशी माझ्यातूनच बोलायची. एका वादळात मी बंद पडले नाही, तेव्हा बायकांनी मला फुलांची माळ घातली होती.

मग ती बडी कंपनी आली, आणि तिचा हात धरून मंत्री. फुकट फोन, फुकट टोप्या! "आता ही गावठी जाळी कशाला?" असं म्हणून मंत्र्याने आमचा नियमच गुंडाळला. लोकांनी टाळ्या पिटल्या. शी! कसल्या त्या टोप्या!

कंपनीला आपलं यंत्र लावायला माझाच खांब हवा होता. मुखिया बोंगमा भडकला. त्याने माझ्यावर नामेले या पवित्र झाडाचं पान बांधलं. हे पान बांधलं की त्या वस्तूला कोणी शिवायचं नाही, आणि सोडवायचं तर वळलेल्या सुळ्यांचा डुक्कर मारायचा. कंपनीने निमूटपणे टेकडीवर आपला मनोरा उभा केला. वाचले गं बाई, मला वाटलं.

कसलं वाचले! खाऱ्या वाऱ्याने माझ्या तारा गंजल्या. लेईवास शिडी घेऊन आली आणि पान पाहून थबकली.

"आजोबा, दुरुस्तीपुरतं तरी सोडा की!"

"डुक्कर तू देतेस का?" मुखिया कावा नावाच्या नशेच्या पेयाची करवंटी खाली ठेवत म्हणाला. "पान म्हणजे पान. तुला वेगळं आणि कंपनीला वेगळं, असं नसतं."

त्याच्याकडे तसा एकच डुक्कर होता, स्वतःचा मान वाढवायच्या विधीसाठी पोसलेला. मी मुकी झाले.

पुढे बेटावर नफा सुटत नाही म्हणून कंपनीने मनोरा बंद केला. कोणाला सांगायची तसदीसुद्धा घेतली नाही. आणि नेमकी तेव्हाच एक पोरगी बाळंतपणात अडली.

"डॉक्टरांना बोलवू कसं?" मेरीआन मुखियावर किंचाळली. "पोरीचा जीव चाललाय, आणि तुम्ही पान धरून बसलाय!"

मुखिया उठला. त्याने तो डुक्कर आणून मारला आणि पान सोडलं. लेईवासने तारा खरवडल्या, जोडल्या. मी जिवाच्या आकांताने हाक दिली.

एकही बहीण बोलली नाही. फुकटच्या फोनपायी त्या गावांनी त्यांना केव्हाच उतरवलं होतं. एका बहिणीच्या खोक्यात म्हणे आता कोंबडी अंड्यांवर बसते.

पोरीला होडीतून डॉक्टरांकडे नेलं. ती वाचली, बाळ गेलं.

मित्रांनो, जपायचं म्हणजे हात न लावता ठेवायचं नव्हे. वापरा, खरवडा, जोडा, आणि शेजारच्या गावालाही जोडायला लावा. मी आता ठणठणीत आहे. रोज हाक देते. पलीकडे कोणी नाही.