उलटा ढिगारा

कारेगावच्या बबनरावांनी विहीर बुजवून तिथं कामगारांसाठी खोल्या बांधायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त घालमेल झाली ती महबूबमामांची. विहीर कोरडी पडून जमाना झाला होता, तिचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता काठावरच्या ढिगाऱ्यात.

चौतीस वर्षांपूर्वी ती विहीर मामांनीच खणली. खाली ते पहार चालवायचे आणि त्यांची बायको शहाबानो पाट्या वाहून ढिगावर टाकायची. पहिल्याच दिवशी मामा घडीघडीला तंबाखू मळत बसले, तशी तिनं त्यांची पितळी चुन्याची डबी उचलून पाटीत टाकली आणि पाटी रिती केली. "खणायचंय का मळायचंय?" मामा जन्मभर त्या डबीवरून कुरकुरले, पण तंबाखूला पुन्हा शिवले नाहीत. गेल्या रमजानच्या आधी शहाबानो गेली. आता कुरकुरायचं तरी कुणापाशी?

शिरूरहून जेसीबी आला त्या सकाळी बबनरावांची नात करिश्मा ढिगाच्या पायथ्याशी दगड शोधत होती. ती पुण्यात भूगर्भशास्त्र शिकते.

"खालचा थर जुना, वरचा नवा," ती मामांना सांगू लागली. "लाव्हा असाच थरावर थर साठला. दगडात कोंडलेल्या वायूवरून प्रयोगशाळेत त्याचं वय काढतात. आपल्याकडचं साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास निघतं."

"विहिरीत तसंच हाय, पोरी. ढिगात समदं उलटं. शेवटाला निघालं ते वर. तुजा म्हातारा पाषाण शेंड्याला बसलाय, आन् तळाला पयल्या दिवसाची काळी माती."

करिश्मानं जीभ चावली. शेंड्यावर तिला हवा तसा दगड मिळाला. मग मामांनी चाचरत डबीचं सांगितलं. बबनरावांना सांगायची त्यांना लाज वाटली होती.

ढीग सरसकट न लोटता वरून थराथरानं उतरवा, असं करिश्मानं सांगताच बबनराव चिडले, पण नातीपुढं त्यांची मात्रा चालत नाही. जेसीबी ढीग वरून उतरवत विहिरीत लोटू लागला. आधी काळा पाषाण, मग तांबडा पट्टा, मग मुरूम. जे जिथून निघालं होतं तिथंच परत चाललं होतं. काळी माती दिसताच करिश्मानं यंत्र थांबवलं. मामा गुडघे टेकून हातांनी माती चाळत राहिले.

उन्हं कलता कलता डबी सापडली. हिरवी पडलेली, आतला चुना दगड झालेला. मामांचा अंगठा आपसूक तळव्यावर फिरला.

"किती वर्षांची असेल, मामा?" करिश्मानं विचारलं.

"हिला तुजी प्रयोगशाळा नगं." मामांनी डबी सदऱ्याला पुसली. "आमच्या लग्नाचा तो नववा दिवस हुता."