कानसेनाचा निकाल

धाकटी रुग्णालयात कान तपासायचं काम करायची. पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचे, बाहेरून लहानमोठ्या शिट्ट्या सोडायच्या आणि ऐकू आली की बटण दाबायला सांगायचं. अकरा वर्षं तिचं हेच चाललं होतं. एका मंगळवारी तिने सतरा नंबर पुकारला, आणि बाकावरून तिचे वडील उठून आले.

"बाबा, तुम्ही? घरी का नाही बोललात?"

"घरी तुझ्याकडे मशीन कुठंय?" बाबा म्हणाले. चपला नीट एका बाजूला काढून ते काचेच्या खोलीत जाऊन बसले.

बाबांनी जन्मभर इमारतींचे नकाशे काढायची नोकरी केली, पण त्यांचं नाव झालं ते कानामुळे. मित्र त्यांना कानसेनच म्हणायचे. रेकॉर्ड लागली की सुई झिजली आहे का, हे ते दुसऱ्या खोलीतून सांगत. शेजारच्या इमारतीतला पाण्याचा पंप बिघडणार हे पंपवाल्याच्या आधी त्यांना कळे. घरातल्या पुढच्या खोलीत कमरेएवढे उंच दोन स्पीकर होते, अडतीस वर्षांपूर्वीचे. आराखडा बाबांचा, आणि पेट्या बांधल्या त्या त्यांच्या सुतार मित्राने, मिस्त्रीकाकांनी. दोघं तेव्हा तिशीतले होते. मिस्त्रीकाकांच्या कारखान्यात रोज संध्याकाळी बसून, एकही खिळा न ठोकता, तीन महिन्यांत त्यांनी ती जोडी उभी केली होती. आतून घोंगडीचे तुकडे लावले होते, म्हणजे आवाज पेटीतल्या पेटीत घुमू नये. धाकटीची आई होती तोवर त्या पेट्यांना 'माझ्या सवती' म्हणायची, आणि रोज पुसायचीही तीच.

धाकटीने तपासणी सुरू केली. खालचे, जाड आवाज बाबांना लगेच ऐकू आले. मधलेही आले. मग ती वरच्या, बारीक सुरांकडे गेली. बाबा डोळे मिटून, बटणावर अंगठा ठेवून बसले होते. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा चेहरा. तिने बारीक शिट्टी सोडली. अंगठा हलला नाही. आवाज वाढवला, आणखी वाढवला, तरी हलला नाही. ती कागदावर टिंब काढत होती, शिट्टी बंद होती, आणि नेमका तेव्हा अंगठा दाबला गेला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. बाबा अंदाजपंचे दाबत होते. असं पुष्कळ पेशंट करतात. अशा वेळी ती काचेवर टकटक करून सांगायची, 'ऐकू आलं तरच दाबा.' त्या दिवशी तिने टकटक केलं नाही.

आलेख बघायला बाबांना कुणी शिकवायला नको होतं. मध्यापर्यंत सरळ गेलेली रेघ पुढे कड्यावरून कोसळल्यासारखी खाली गेली होती.

"म्हणजे व्हायोलिन वर गेलं की माझ्यापुरतं संपलं," ते म्हणाले.

"वयाने होतं, बाबा. कानाला मशीन बसवता येईल."

"बघू. पण त्या दोघांना कळता कामा नये. मिस्त्रीला तर मुळीच नाही."

"अहो, त्यात लाज कसली?"

"धाकटे, शब्द दे."

तिने दिला. तसाही पेशंटचा कागद पेशंटचाच असतो.

त्या दोघांतले दुसरे म्हणजे औषधवाले काका. दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून त्यांना वेळच वेळ होता. दर रविवारी सकाळी हे त्रिकूट बाबांकडे जमायचं, दोन रेकॉर्डी ऐकायचं, तीन वेळा चहा व्हायचा आणि जेवायच्या वेळेपर्यंत वाद चालायचा. दोन महिन्यांपूर्वी औषधवाल्या काकांनी नवे स्पीकर घेतले होते. खांद्याएवढे उंच आणि अंगाने काटकुळे. तेव्हापासून जुनं चांगलं की नवं, याखेरीज त्रिकुटाला विषय नव्हता.

"यात लाकूड कुठंय?" मिस्त्रीकाका विचारायचे. "भुसा दाबून फळी केलीय."

"आपल्याला आवाज ऐकायचाय की पलंग करायचाय?" औषधवाले काका म्हणायचे.

शेवटी ठरलं, एकदा दोन्ही जोड्या शेजारी ठेवायच्या, पुढे चादर बांधायची आणि न बघता निकाल लावायचा. बटण फिरवायला कुणाच्याच बाजूचं नसलेलं माणूस हवं, म्हणून धाकटीला चादरीमागे बसवलं. औषधवाल्या काकांनी फोनमधल्या मापकावर दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला, कारण जो मोठ्याने वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो. सहा तुकडे निवडले. प्रत्येक तुकडा दोन्हींवर वाजणार, आणि तिने फक्त 'पहिला' आणि 'दुसरा' म्हणायचं.

सकाळचं ऊन खोलीत आलं होतं. धाकटीला चादरीच्या कडेतून तिघांचे गुडघे आणि चपला काढलेले पाय दिसत होते. व्हायोलिन झालं, गाणारी बाई झाली, झांजेवर ब्रश फिरवणारा ड्रमवाला झाला. मिस्त्रीकाकांनी तिसऱ्या तुकड्यापासूनच आपली पेटी ओळखली. जिन्यात खोकणारा आपला माणूस ओळखावा तशी. औषधवाल्या काकांनी सहापैकी चार वेळा पहिल्याला मत दिलं, आणि पहिला जुना हे मिस्त्रीकाकांच्या चेहऱ्यावरून कळताच स्वतःच हसले. "घ्या, माझेच दात माझ्याच घशात," ते म्हणाले. "आता कानसेन बोलला की संपलं."

बाबा म्हणाले, "दुसरा."

"सगळ्यात?"

"सगळ्यात."

सहाही तुकड्यांत दुसरा म्हणजे नवाच होता. नव्याचा वरचा आवाज टोकदार होता. बाबांना त्यातलंच थोडंफार व्हायोलिन मिळालं असणार.

"कोणता कोणता ते ओळखलंस का?" मिस्त्रीकाकांनी विचारलं.

"खर्जावरून ओळखलं."

"तरी दुसरा?"

"तरी."

"कुठं कमी पडलं ते तरी सांग. अडतीस वर्षांत कधी बोलला नाहीस."

इथे खरं सांगायला बाबांना एक वाक्य पुरलं असतं. धाकटी वाट बघत होती. बाबा म्हणाले, "वरचा आवाज दबलाय आता. लाकूड जुनं झालं."

मिस्त्रीकाकांनी कपातला चहा संपवला. कप बशीत ठेवला. "लाकूड मुरतं रे," ते हळूच म्हणाले, "जुनं होत नाही." मग सर्वांचा निरोप घेऊन, नेहमीसारखी पिशवी काखेला मारून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत.

"लाकडावर कशाला ढकललंत?" धाकटीने विचारलं.

"तोंडातून निघून गेलं."

"मग जाऊन सांगा."

"सांगेन. येईलच की तो रविवारी. किती दिवस रुसेल?"

पण तोही रविवार गेला, आणि त्याच्या पुढचाही. औषधवाल्या काकांनी मध्यस्थी करून बघितली. एक नाकावर माशी बसू देत नव्हता, दुसरा विषय निघाला की ऐकू न आल्यासारखं करत होता, किंवा खरंच त्याला ऐकू येत नव्हतं. बाबांनी स्पीकरवर कापड टाकून ठेवलं. विचारलं तर धूळ बसते म्हणाले. असे तीन महिने गेले.

आणि एका सकाळी काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर मिस्त्रीकाका येऊन बसले.

"पोरी, माझे कान बघ," ते म्हणाले.

"काय होतंय काका?"

"होत काहीच नाही. पण मी खूप विचार केला. कानसेन खोटं बोलायचा नाही. तो म्हणतो पेटी दबली, आणि मला तर ती पहिल्यासारखीच वाजताना ऐकू येते. म्हणजे माझेच कान गेले असणार. पंचेचाळीस वर्षं करवतीच्या मशीनपुढे उभा राहिलोय."

धाकटीने त्यांना आत बसवलं. शिट्टी सोडली की अंगठा दाबला जात होता. ती वर गेली, तरी दाबला जात होता. पंचेचाळीस वर्षं मिस्त्रीकाका कानांत कापसाचे बोळे घालून काम करत आले होते. कारखान्यातली पोरं त्यांना त्यावरून चिडवायची. त्या बोळ्यांनी कान राखले होते.

तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला. "तुमच्या वयाला इतके चांगले कान मी फार थोडे बघितले, काका."

त्यांचा चेहरा उजळला नाही. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "म्हणजे मला ऐकू येतं ते बरोबर आहे."

"हो."

"मग त्याला का नाही..." ते थांबले.

धाकटी टेबलावर पेन्सिल शोधू लागली. पेन्सिल तिच्या हातातच होती. तिला मान वर करता येईना.

"कधीपासून?" मिस्त्रीकाकांनी विचारलं.

"काका, मला दुसऱ्या पेशंटबद्दल बोलता येत नाही."

"दुसऱ्या पेशंटबद्दल," त्यांनी तिचेच शब्द पुन्हा म्हटले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "मला येऊन म्हणाला असता, मिस्त्री, माझे कान गेले, तर त्याच्याजवळ बसलो असतो गं. पण त्याने दोष माझ्या कामावर ढकलला."

संध्याकाळी तिने बाबांना एवढंच सांगितलं, "मिस्त्रीकाका कान तपासायला आले होते. चांगले आहेत."

"त्याला काय धाड भरलीय? कशाला तपासले?"

"तुम्ही खोटं बोलणार नाही म्हणून."

बाबांना ऐकू आलं नाही असं तिला क्षणभर वाटलं. पण त्यांनी पुढचं ताट सरकवलं आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. सकाळी ते तिच्या आधी तयार होऊन बसले होते. म्हणाले, "आज रजा टाक. माझ्याबरोबर चल."

कारखान्यापुढे टेम्पो उभा होता. दोन हमाल रंध्याचं मोठं टेबल उचलून आत चढवत होते. आत भिंतींवर हत्यारांच्या जागा तेवढ्या उरल्या होत्या. प्रत्येक हत्याराचा पांढरा आकार, आणि त्याखाली रिकामा खिळा.

"हे काय रे?" बाबांनी विचारलं.

"मुलाकडे चाललो. तीन वर्षं बोलावत होता. नाही म्हणत आलो. गेल्या महिन्यात हो म्हटलं." मिस्त्रीकाका हात पुसत होते. "जागा गादीवाल्याला दिली."

बाबा खाली ठेवलेल्या एका फळीवर बसले. धाकटीला वाटलं, आता ते काहीतरी भलतंच बोलतील, हवापाण्याचं. पण ते बोलले. "मिस्त्री, तुझ्या पेटीला काही झालेलं नाही. मला वरचं ऐकू येत नाही. त्या चादरीच्या परीक्षेच्या आधीपासूनच येत नव्हतं."

"माहीत आहे."

"धाकटीने सांगितलं?"

"ती कशाला सांगतेय. तिने तर तोंड शिवलं होतं."

"मला लाज वाटली रे. लोक मला कानसेन म्हणतात, आणि..."

"लोक गेले खड्ड्यात. मी लोक होतो का?" मिस्त्रीकाका त्यांच्या शेजारी बसले. आवाज चढलेला नव्हता. "हे तीन महिन्यांपूर्वी बोलला असतास तर मी मुलाला नाही म्हटलं असतं. इथं माझं राहिलंय काय? बायको नाही, काम पोटापुरतं. एक रविवार होता."

"मग आता नको जाऊस."

"जागा दिली, कानसेन. कागद झाले. तिकडे पोराने माझ्यासाठी खोली रंगवली."

दोघं फळीवर बसून राहिले. हमालाने येऊन ती फळीही हवी आहे असं सांगितलं, तेव्हा उठले. मिस्त्रीकाकांनी बाबांच्या सदऱ्याला लागलेला भुसा झटकला. बाबा म्हणाले, "फोन करत जा," आणि म्हणताम्हणताच त्यांना आठवलं असावं, की फोनवरचं आता त्यांना निम्मंही कळत नाही. तरी मिस्त्रीकाका "करतो" म्हणाले.

टेम्पो सुरू झाला. जुनं इंजिन होतं, सगळी गल्ली थरथरत होती. मिस्त्रीकाका चालकाशेजारी चढले. धाकटी पलीकडून त्यांची हत्यारांची पेटी त्यांच्या पायाशी सरकवत होती. तेवढ्यात ते या बाजूच्या खिडकीतून वाकले आणि बाबांचा हात धरून काहीतरी बोलले. एक शब्द नव्हे, दोन-तीन वाक्यं असावीत. बाबा मान हलवत होते. "हो, हो," ते म्हणाले. "हो." टेम्पो वळेपर्यंत ते हात वर धरून उभे होते.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. दोन थांबे गेले. मग त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "शेवटी काय म्हणाला गं तो?"

"मी पलीकडच्या बाजूला होते, बाबा. मला ऐकू आलं नाही."

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बस चढाला लागली होती आणि इंजिन घरघरत होतं. तिने तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं.