निवडचाचणीचा पडदा

मी पडदा बोलतोय. घाबरू नका, माझ्यातून तुमच्याकडे कुणीही बघत नाहीये. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यासमोर आलेला प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच तपासतो. कुणी बोट खुपसतं, कुणी डोळा लावतं. एका बाईंनी तर माझ्यावर विजेरी मारून पलीकडे उजेड पडतो का ते पाहिलं होतं. मी दचकलो. मला तसं दचकायला फारसं काही लागत नाही. दार वाजलं तरी माझ्या चुण्या हलतात.

मी नाटकातला पडदा नाही. मला टाळ्या ठाऊक नाहीत. माझा जन्म झाला तोच मुळी संशयातून.

त्याचं असं झालं. शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनची एक जागा भरली आणि ती अध्यक्षांच्या पुतण्याला मिळाली. पुतण्या वाजवायचा बरा, पण दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली, ‘निवड आधीच ठरली होती?’ ते प्रश्नचिन्ह फार वाईट. त्यानंतर कार्यालयातला फोन थांबेना. शेवटी ठरलं, की यापुढे वाजवणारा एका बाजूला, परीक्षक दुसऱ्या बाजूला आणि मधे पडदा.

मला शिवायला टाकलं तेव्हा शिंपी म्हणाला, “तीन पदरी कापड? एवढा जाड पडदा कशाला? कोण लपणार आहे?”

कार्यालयातल्या कारकूनबाई म्हणाल्या, “लपणार कुणी नाही हो. दिसायचं कुणी नाही.”

“मग दिवेच घालवा की!”

“अंधारात आमचे परीक्षक झोपतात.”

असा मी तयार झालो. गडद निळा, छतापासून जमिनीपर्यंत. माझ्याबरोबर नियमही आले. उमेदवारांनी चपला-बूट बाहेर काढायचे, कारण टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळतं. खाली गालिचा. बोलायचं नाही, खोकायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची आणि त्यावरचा आकडा हेच त्याचं नाव. काही हवं असलं, तर कारकूनबाईंच्या कानात सांगायचं.

एवढं करून संशय संपेल असं मलाही वाटलं होतं. संपला कुठला! आधी तो डोळ्यांत होता, आता तो कानांत जाऊन बसला. परीक्षकांपैकी कुणी खुर्ची सरकवली, तरी बाकीचे माना वळवायचे. हा इशारा तर नव्हे?

मला आठवते ती निवड माझी पहिलीच. जागा पुन्हा व्हायोलिनचीच होती. परीक्षक तीन. वाद्यवृंदाच्या संचालिका, म्हणजे त्या विजेरीवाल्या बाई. एक बासरीवाले काका, सदा मिस्कील. आणि व्हायोलिनचे सर. सरांचा दरारा असा, की ते खोलीत आले की लोक आपसूक सरळ बसायचे. त्यांनी आजवर एकाही विद्यार्थ्याला ‘छान’ म्हटलं नव्हतं. फार झालं तर ‘हं’.

सरांची एक शिष्या त्या दिवशी उमेदवार होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. तिला सगळे ‘बदली’ म्हणायचे. कायम वादक आजारी पडला, की हिला बोलावणं. तो बरा झाला, की ही घरी. अशी कितीतरी वर्षं. वयाची मर्यादा आता संपत आली होती. हा तिचा शेवटचा डाव होता.

“सरांना परीक्षक ठेवायचं म्हणजे जरा...” संचालिका म्हणाल्या होत्या.

“अहो बाई, इथे प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा शिष्य,” काका म्हणाले. “परका परीक्षक हवा असेल, तर चंद्रावरून आणावा लागेल.”

सरांचा जबडा घट्ट झालेला मी पाहिला.

सरांची एक सवय होती. वाजवायला सुरुवात करण्याआधी डाव्या हाताच्या करंगळीने शेवटची तार हलकेच छेडायची. टुंग! तार उतरली तर नाही ना, ते बघायला. त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना तीच सवय लागली होती. आदल्या दिवशी ते माझ्याजवळ उभे राहून बदलीला बजावत होते, “उद्या तार छेडायची नाही. ती खूण ठरेल. लोक म्हणतील, गुरुशिष्यांनी आधी ठरवून घेतलंय.”

“नाही छेडणार, सर.”

“विसरून हात गेला तर?”

“करंगळी बांधून येऊ का?” ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चाचणी सुरू झाली. मला दोन्ही बाजू दिसत होत्या. हे सुख नव्हे, शिक्षा आहे. तीन नंबर आला. एक सडपातळ तरुण, मोज्याला अंगठ्यापाशी भोक. त्याने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि करंगळीने तार छेडली. टुंग!

पलीकडे सरांचा चेहरा पांढराफटक पडला. बाकीच्या दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. तरुण वाजवू लागला. काय वाजवत होता! माझ्या चुण्यांत सूर अडकून राहत होते. पण सरांना तो ऐकूच येत नव्हता. त्यांना फक्त आपली शिष्या दिसत होती. बजावूनही न ऐकलेली, खूण करणारी, सगळ्यांसमोर आपली अब्रू घालवणारी. त्यांनी रागाने, आणि रागापेक्षा भीतीने, सगळ्यांत कमी गुण दिले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, “अहो सर, ती नाहीये!” पण माझ्या तीन पदरांत जीभ कुठेच शिवलेली नव्हती.

पाच नंबरला बदली आली. तिने करंगळी मुठीत दाबून धरली होती. एक श्वास घेतला आणि थेट सुरुवात केली.

सर हळूहळू मोकळे झाले. हा कुणी परका, याच्याशी आपला संबंध नाही, मग मनापासून ऐकायला काय हरकत आहे! ते पुढे झुकले, डोळे मिटले. वाजवणं संपलं तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, “हा कोण आहे मला माहीत नाही. पण याला हातचा जाऊ देऊ नका.”

पलीकडे बदलीच्या हातातला व्हायोलिनचा गज सुटता सुटता राहिला. कित्येक वर्षांत तिने सरांच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं.

निकाल पाच नंबरचा लागला. मला बाजूला सारलं. बदली पुढे आली आणि खोलीतली हवाच बदलली.

“वा, सर!” काका म्हणाले. “कोण आहे माहीत नव्हतं म्हणे!”

संचालिका माझ्या कडेचा धागा चाचपत राहिल्या. भोक असणारच, असं त्यांच्या बोटांना वाटत होतं.

सरांचं मात्र कशाकडेच लक्ष नव्हतं. “तीन नंबर कोण?” त्यांनी विचारलं. तो तरुण बिचकत पुढे आला.

“सुरुवातीला तार का छेडलीस?”

“चुकलं का, सर? तुमच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात ती आहे. ऐकून ऐकूनच शिकलो मी. मला वाटलं, ती रचनेतच आहे.”

काका हसू लागले. सर खुर्चीत बसले ते उठेनात. मग एकदम उठून बदलीला माझ्यामागे घेऊन आले.

“मी त्याला तू समजलो,” ते पुटपुटले. “म्हणून पाडलं. जागा त्याची असू शकते. हे कुणाला ठाऊक नाही. तू म्हणालीस, तर मी गप्प बसेन.”

बदलीने मला घट्ट धरलं. तिच्या तळहाताचा घाम माझ्या तिसऱ्या पदरापर्यंत पोचला. मी मनात म्हणत होतो, गप्प बस, पोरी, गप्प बस. मीही अखेर लपवण्यासाठीच शिवलेला ना!

“सर, तुम्ही मला ओळखलं नाहीत?”

“नाही.”

“खरंच?”

“खरंच नाही.”

तिने मला धरलेली मूठ सोडली. मग मला बाजूला सारून पुढे गेली आणि संचालिकांना म्हणाली, “आम्हा दोघांना पुन्हा ऐका. सरांशिवाय.”

“आता हे काय नवीन?” संचालिका म्हणाल्या. काका कारकूनबाईंच्या कानाशी लागले, “काहीतरी शिजतंय.”

सरांनी झालं ते सगळं सांगितलं. कुणाचा विश्वास बसला, कुणाचा नाही. सर बाहेर गेले. दोघं पुन्हा वाजवून गेली, नव्या चिठ्ठ्या उचलून. मी माझ्या परीने स्तब्ध उभा राहिलो. बदलीने चांगलं वाजवलं. तरुणाने जास्त चांगलं वाजवलं. हे माझं मत नाही. पडद्याच्या मताला कोण विचारतो? पण दोन्ही परीक्षकांनी तेच सांगितलं आणि जागा त्याला मिळाली.

वर्तमानपत्रात पुन्हा बातमी आली, ‘पडद्याआड काय घडलं?’ पुन्हा तेच प्रश्नचिन्ह. मग समितीने ठरवलं, की खरा दोष पडद्याचाच. मला उतरवलं. हल्ली मी तालमीच्या खोलीत पियानोवर पांघरलेला असतो. पियानोला माझा संशय येत नाही, एवढंच समाधान.

तुम्हाला एक विनंती आहे. पुढच्या वेळी मला लावाल, तेव्हा माझी भोकं शोधू नका. तो वेळ ऐकण्यात घाला.

बाकी, चाचणीच्या त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. कारकूनबाई मला खांद्यावर टाकून फाटकाशी उभ्या होत्या, मला झटकायला. सगळे उमेदवार, काका, संचालिका आणि एक बातमीदारही तिथेच घोटाळत होते. बदली व्हायोलिनची पेटी घेऊन बाहेर आली. सर पुढे झाले आणि त्यांनी तिच्या हातातली पेटी घेतली. शिष्याने गुरूची पेटी उचलायची, उलटं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

“सर, असू द्या,” ती घाबरून म्हणाली. “लोक बघतायत.”

“बघू देत,” सर म्हणाले आणि तिच्या बरोबरीने रस्त्यावरून चालू लागले.