दुसऱ्या यंत्राची साक्ष

बाबांना जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते. वाळवंटातल्या तिमिमून गावाच्या ज्या पाणी कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली, तिथेच मी त्यांची एक टेप घेऊन बसले होते.

गावाचा भुयारी पाट मध्येच ढासळला होता. अठरा दिवस बागांना पाणी नव्हतं. खजूर तग धरतील, पण त्यांच्या सावलीतला गहू माना टाकत होता. पाटात उतरायच्या विहिरींची तोंडं वाळूखाली गेलेली. ती कुठे आहेत हे बाबांनी १९९४ साली मोजलं होतं. मोजणीचे कागद वाळवीने खाल्ले. उरली ही टेप.

"कोरी आहे म्हणतंय, मसऊदा," तय्यब म्हणाला. कचेरीचे संगणक तो सांभाळतो. बाबांच्याच हाताखाली शिकला.

"बाबा कोरी टेप जपून ठेवतील?"

"तुझ्या बाबांचा, सी बलखीरांचा, संगणक जुन्या प्रणालीचा, हा नव्या. सासू-सुनेसारखं आहे, एकीचं दुसरीला कळत नाही."

पाट साफ करणारे बूजमआ काका दारातच उकिडवे बसले होते. "कोरं तुझं डोकं असेल! मग काय, पोरांना अंदाजाने खाली उतरवू? छत कोसळलं तर उकरायला तू येणार?"

मी टेपची डबी उलटी केली. आत पुठ्ठ्याचं कार्ड होतं, बाबांच्या बारीक अक्षरातलं. टेप कोणत्या प्रणालीवर लिहिली, वाचताना यंत्राने एका घासात किती अक्षरं घ्यायची. खाली तिसरी ओळ: 'साक्ष – शाळेचा संगणक, प्रणाली वेगळी. प्रत्येक जोडीतली अक्षरं उलटी येतात. अदलाबदल करून वाचावीत.'

आजोबा पाणी मापायचे. भोकं पाडलेली तांब्याची पट्टी पाटात धरायची, आणि ज्याने मापलं त्याने साक्ष द्यायची नाही, हा गावाचा नेम. बाबांनी तो टेपला लावला होता: एका यंत्रावर लिहायची, दुसऱ्यावर वाचून पडताळायची. मी तेव्हा हसले होते. "लिहिणाराच वाचणार असेल," ते म्हणाले होते, "तर तो स्वतःचीच री ओढेल."

तय्यबने कार्ड दोनदा वाचलं. कचेरीचा नवा संगणकही शाळेच्याच प्रणालीचा होता. त्याने घासाचं माप बदललं, अदलाबदलीची आज्ञा दिली. टेप घरघरली आणि पडद्यावर आकडे उतरू लागले. एकशे बासष्ट विहिरी; प्रत्येकीची जागा, खोली, झाकणाचा दगड.

"या अल्ला," तय्यब हळूच म्हणाला. "मी या कार्डांना म्हाताऱ्याचा चाळा म्हणायचो."

"तोंडावर म्हणायचास," बूजमआ काका म्हणाले. "मला सांगायचा बलखीर." ते उठले. "द्या ते कागदावर छापून. पोरं थांबलीत."

"काका, जरा थांबा."

टेपचं यंत्र काढून मी माझ्या संगणकाला जोडायला लावलं. त्याची प्रणाली तिसरीच. पुन्हा पहिल्यापासून वाचायला दुपार झाली. काका कुरकुरतील असं वाटलं होतं. पण ते भिंतीला टेकून बसून राहिले, चहा थंड होऊ दिला.

एकशे बासष्ट ओळी. एकही आकडा हलला नव्हता.

"आता जा," मी म्हणाले.

"बलखीरचीच आहेस, पोरी."

ढासळलेल्या जागेच्या वरची विहीर एक्क्याण्णवावी. तिचा दगड हातभर वाळूखाली मिळाला, बाबांनी लिहिला होता तिथेच. पोरं दोर बांधून उतरली आणि संध्याकाळी सगळी वर आली.

त्यानंतर मी पेन घेतलं. कार्डावर बाबांनी तिसऱ्या ओळीखाली जागा सोडली होती. तिथे मी लिहिलं: 'साक्ष – मसऊदाचा संगणक, प्रणाली तिसरी.'