पान एक्केचाळीसवरची चूक

आमच्या रोशमो गावावर मी जी पुस्तिका लिहिली, तिच्या एक्केचाळीसाव्या पानावर एक वाक्य आहे : 'चर्चच्या चौकाखाली कुठेही पोकळी नाही.' लिहिताना मला त्याचा अभिमान वाटला, असं म्हणवत नाही. पण ते दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं होतं, हे खरं.

आमच्या गावाखाली दुसरं गाव आहे. इथला पांढरा, मऊ दगड पूर्वजांनी शतकानुशतकं कापला, त्याची घरं बांधली, आणि मागे उरलेल्या भुयारांत वाइन ठेवली, अळंबी लावली. भुयारांचे जुने नकाशे लढाईत जळले. म्हणून नगरपालिकेने माझ्या आठवणीतला नकाशा प्रमाण धरला. तेव्हाच मी नको म्हणायला हवं होतं. मी आभार मानले.

आठवण सात वर्षांच्या मुलाची होती. वडील भुयारं तपासायचे आणि मी कंदील धरायचो. छताला भेग दिसली की ते तिच्यावर आडवी प्लास्टरची पट्टी चढवत आणि ओली असतानाच तिच्यात तारीख कोरत. दगड केसभर जरी सरकला, तरी पट्टी तडकते. त्या पट्टीला आमच्याकडे साक्षीदार म्हणतात. टेकडीच्या पायथ्याला भुयारांची तोंडं ओळीने आहेत. त्यातल्या दुसऱ्या तोंडातून आत साठ पावलं, मग डावीकडे मोठी खोली, एवढं मला पक्कं आठवत होतं. म्हातारपणी जाऊन मी दुसरं तोंड मोजलं आणि ती खोली नकाशात गिरणीच्या कुरणाखाली काढली.

त्या रविवारी वारसा दिन होता. द्राक्षं पिळायचा अकरा टनी दगडी घाणा अकरा वाजता ट्रॅक्टरने आणून चौकातल्या नव्या ओट्यावर बसवायचा होता. नऊ वाजता पावाच्या दुकानासमोर सोलांजने मला गाठलं. सोलांज माझी बालमैत्रीण. वय एक्क्याऐंशी, अजून अळंबी लावते.

"आंसेल्म, तुझं पुस्तक वाचलं रे."

"सहा वर्षांनी?"

"झोप येत नव्हती. चांगला गुण आला. पण दुसरं तोंड म्हणून तू कुठलं धरलंस?"

"तुझ्या शेडजवळचं."

"वेडा कुठला! ते तिसरं. पहिलं माझ्या बापाने पुराच्या वर्षी चिणून टाकलं. आता वेलीत दिसतही नाही. तुझं दुसरं म्हणजे आज जे पहिलं दिसतं ना, ते."

दोन तोंडांमध्ये सत्तर मीटर अंतर आहे. गावाच्या दिशेला सत्तर मीटर, म्हणजे खोली कुरणाखाली नाही, चौकाजवळ कुठेतरी. माझ्या हातातला पाव खाली पडला, तो मी उचललाही नाही.

"चुकत असशील तू," मी म्हणालो.

"असेन. चल, बघू."

सोलांजने बॅटरी घेतली. आत गारवा होता आणि ओल्या घोंगडीसारखा वास. मी पावलं मोजत होतो. मुलाची साठ म्हणजे म्हाताऱ्याची किती? चाळीस धरली. चाळिसाव्या पावलाला डावीकडे भिंत सरली आणि सोलांजचा उजेड समोर कुठेच टेकेना. तीच मोठी खोली.

आपण कुठे आहोत ते अजून ठरलं नव्हतं. कुरणाच्या अलीकडे असू, चौकापर्यंत आलो नसू, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. तेवढ्यात छतातून माणसाचा आवाज आला.

"एक... दोन... ऐकू येतंय का?"

आमचे महापौर रेजी मेनोरे लाउडस्पीकर तपासत होते.

"येतंय रे बाबा, येतंय," सोलांज पुटपुटली.

तिने उजेड वर नेला. भेगेवर वडिलांची पट्टी होती, जुन्या दातासारखी पिवळी. १९५१. वडिलांचा पाच, शेपूट लांब ओढलेला. पट्टी मधोमध तुटली होती आणि तुटल्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या. अर्धा तुकडा खाली चुऱ्यात पडला होता. तो चुराही ताजा होता. आम्ही बघत असतानाच आणखी थोडा गळला. पीठ चाळल्यासारखा आवाज झाला.

"पळ तू," सोलांज म्हणाली. "माझे गुडघे मागून येतील."

मी शेवटचा कधी पळालो होतो, आठवत नाही. चौकात दोनशे माणसं खुर्च्यांवर बसली होती. बँडवाले सूर जुळवत होते.

"मस्यू मेनोरे, घाणा आणू नका."

"या, मस्यू आंसेल्म! तुमचं भाषण शेवटी ठेवलंय, एवढं घाबरायचं नाही."

"भाषण नाही. खाली पोकळ आहे."

त्यांनी खिशातून माझीच पुस्तिका काढली. "पान एक्केचाळीस. इंजिनिअर कशाला हवा, असं मी सभेत सांगितलं ते याच्याच जोरावर."

"ते चुकलंय."

"अहो, छापलंय!"

"छापलेलं चुकलंय."

पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सोलांजबरोबर अंधारात गेले होते! चक्कर येणारच!" सगळे हसले. महापौरांनी माइक माझ्यापुढे धरला. "मग सांगा सगळ्यांना."

मला माझा श्वास लाउडस्पीकरमधून ऐकू आला. शब्द एकही फुटेना. आयुष्यभर असंच होत आलंय. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझीच शंका आली. पट्टी प्लास्टर वाळूनही तुटली असेल. मी नकाशा चुकलो, तसा हेही चुकत असेन.

गल्लीच्या तोंडाशी जोएलचा ट्रॅक्टर दिसला. मागे घाणा. खुर्च्या थरथरू लागल्या. बोलता येत नव्हतं, म्हणून मी एक घडीची खुर्ची उचलली, मधोमध ओट्यावर नेऊन मांडली आणि तिच्यावर बसलो.

"आजोबा, सरका की!" जोएल वरून ओरडला. "का तुम्हालाच प्रदर्शनात ठेवलंय?"

मी मान हलवली. माझ्या बुटांखाली ओटा बारीक थरथरत होता.

मग सोलांज आली. धापा टाकत ती माझ्याकडे नाही, जोएलकडे गेली आणि एप्रनमधून पट्टीचा अर्धा तुकडा काढून त्याच्या हातात दिला. जोएलच्या घरातले सगळे पिढ्यान्पिढ्या भुयारांत राबलेले. त्याने तुकड्याची कड अंगठ्याने चाचपली. अंगठा पांढरा झाला. त्याने इंजिन बंद केलं.

"मी नाही नेत," तो म्हणाला. "महापौर, तुम्ही ओढा."

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. खुर्च्या आडव्या झाल्या. ढोल टाकून बँडवाले चर्चच्या पायऱ्यांवर चढले. मिनिटभरात चौक रिकामा झाला आणि मध्ये मी एकटा राहिलो.

मी उठायला गेलो. पाय हलेनात.

"आंसेल्म, ऊठ ना रे!" सोलांज कडेवरून ओरडली. "थांब, मी येते."

"येऊ नकोस! तू जड आहेस!"

इतकं मोठ्याने मी चारचौघांत कधी बोललो नव्हतो. दुसरं कुणी यायला निघालं नाही. त्यांना दोष कसा देऊ? अखेर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

खुर्चीवरून मी आधी गुडघ्यांवर आलो, मग हातांवर. वजन पसरावं, असं वडील सांगत. रविवारच्या कोटात, अख्ख्या गावासमोर, मी रांगत निघालो. अर्ध्यावर तळहाताखाली काहीतरी खोल, खाली, पीठ चाळल्यासारखं गळलं. मी थांबलो. पायऱ्यांकडे पाहिलं.

कुणीही हसत नव्हतं. एक जण जरी हसला असता, तर मी उभा राहून चाललो असतो.