सोफ्यामागची जागा

बबडीला सगळं पाठ होतं, आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

आठ वर्षांची पोर. सिनेमातल्या थोरल्या बहिणीचं काम तिला मिळालं, तशी आईनं कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडली, पोरीची शाळा बुडवली आणि दीड महिना स्वयंपाकघरात घोकंपट्टी मांडली. बबडीची वाक्यं तर झालीच, पण सिनेमातल्या बापाची, आजीची, धाकट्या भावाचीसुद्धा! "समोरचा अडखळला तर तू सावरून घ्यायचंस," आई म्हणायची. केवढी हौस बाईला!

शूटिंगच्या आदल्या दिवशी स्टुडिओत कॅमेऱ्यापुढे शेवटची तालीम होती. भिंती प्लायवूडच्या, सोफा मात्र खरा. धाकटा भाऊ झालेला मुलगा बोलायला लागला आणि इकडे बबडीचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, पण त्याचा शब्दन् शब्द.

"बाळा, ओठ मिटून ऐक," दिग्दर्शक म्हणाले. माणूस शांत होता, उगाच खोटं कशाला बोला.

पुन्हा घेतलं. पुन्हा ओठ. बबडीनं दात आवळून धरले, तर हनुवटी हलायला लागली. अकराव्या वेळी तिला रडू फुटलं, तरी ओठ आपले चालूच.

"फक्त तिचीच वाक्यं पाठ करून घ्या, असं सांगितलं होतं ना?" दिग्दर्शकांनी आईला विचारलं. सांगितलं होतं. पण चार वाक्यं जास्त झाली तर बिघडलं कुठं, असं तिला वाटलं होतं.

काम गेलं. गर्दीच्या प्रसंगासाठी आणलेल्या मुलींतली एक उभी केली. चेहरा गोड, पाठांतराच्या नावानं आनंदीआनंद. आणि शूटिंग उद्या सकाळी!

थोड्या वेळानं सहायक आईकडे आला. बिचाऱ्याची मान वर होईना. "ताई, आवाज नंतरच भरायचाय, मागून कुणी बोललं तरी चालतं. तुमची मुलगी सोफ्यामागं बसून त्या नव्या मुलीला वाक्यं सांगेल का?"

हातातली पिशवी याच्या तोंडावर फेकावी आणि पोरीला घेऊन चालतं व्हावं, असं आईला वाटलं. पण बबडी तोवर रांगत सोफ्यामागं जाऊन बसलीसुद्धा होती.

"आई," तिनं तिथूनच विचारलं, "इथं ओठ हलले तर चालतील ना गं?"

"हो बाळा," आई म्हणाली. "इथं कुणालाच दिसत नाहीस तू."